सोयरीक, भाऊबंदकी आणि इतिवृत्त : मध्ययुगीन पोलंडच्या पियास्त राजकुलातील विवाहसंबंध

१. वंशवृक्ष ही एक संहिता

राजकुलाचा वंशवृक्ष म्हणजे इतिहासग्रंथाच्या अखेरीस जोडलेला एक निरुपद्रवी तक्ता, अशी सर्वसाधारण समजूत असते. कोण कोणाचा पुत्र, कोण कोणाची पत्नी, एवढेच तो सांगतो आणि त्यात मतभेदाला फारसा वाव नसतो, असे गृहीत धरले जाते. मध्ययुगीन पोलंडवर सुमारे चार शतके राज्य करणाऱ्या पियास्त घराण्याचा वंशवृक्ष पाहिला असता मात्र ही समजूत टिकत नाही. या वंशवृक्षातील बहुतेक रेषा चर्चशी निगडित लेखकांनी लिहिलेल्या लॅटिन इतिवृत्तांतून, संतचरित्रांतून, मठांच्या नोंदवह्यांतून आणि दानपत्रांतून काढलेल्या आहेत. हे लेखक तटस्थ नव्हते. ते कोणत्या ना कोणत्या राजपुत्राच्या, बिशपच्या वा मठाच्या आश्रयाने लिहीत होते.

ओस्वाल्ड बाल्झर यांनी १८९५ मध्ये पियास्तांची वंशावळ सिद्ध केली आणि काझिमिएश यासिन्स्की यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायलेशियातील शाखांची व आरंभीच्या पियास्तांची वंशावळ नव्याने तपासली. या दोघांच्या ग्रंथांतील बरीच पाने खर्ची पडली आहेत ती स्त्रियांच्या ओळखीवर. पुरुषांची परंपरा तुलनेने स्पष्ट आहे. पत्नी कोठून आली, मुलगी कोठे दिली, अमुक पुत्र कोणत्या पत्नीचा, हे प्रश्न वारंवार अनिर्णित राहतात. न्यायी काझिमिर या ड्यूकची पत्नी हेलेना ही रूसमधील राजकन्या होती की मोराव्हियातील झ्नोय्मो येथील, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. आणि ही स्त्री तर पतीच्या मृत्यूनंतर, ११९४ पासून, अज्ञान पुत्रांच्या वतीने कारभार पाहणारी होती.

हे मौन केवळ कागदपत्रांच्या अभावातून आलेले नाही. ज्या ठिकाणी एखादी सोयरीक वारसाहक्काला आधार देते किंवा त्याला आव्हान देते, त्या ठिकाणी इतिवृत्तकार अचानक बोलका होतो. इतरत्र तो गप्प राहतो. लेखक ज्या राजपुत्राचा आश्रित, त्या राजपुत्राची आई कोण, या एका प्रश्नावर पियास्त स्त्रियांची कथनातील भूमिका मोठ्या प्रमाणात ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एकच विवाह एका संहितेत आसरा ठरतो, तर दुसऱ्या संहितेत कारस्थान. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला म्हणून हा वंशवृक्ष एका दुव्यासाठी अनेक संहिता समोरासमोर ठेवून वाचावा लागतो.

२. सावत्र भाऊ आणि पहिला इतिवृत्तकार

पियास्तांच्या लिखित इतिहासाचा आरंभच एका विवाहाने होतो. म्येश्को पहिला याने ९६५ मध्ये बोहेमियाची राजकन्या दोब्रावा हिच्याशी विवाह केला आणि ९६६ मध्ये बाप्तिस्मा स्वीकारला. पुढील दीडशे वर्षांत बोहेमिया, हंगेरी, कीव्ह आणि जर्मन साम्राज्यातील घराणी यांच्याशी पियास्तांच्या सोयरिकी झाल्या. म्येश्को दुसरा याची पत्नी रिखेझा ही सम्राट ओटो तिसरा याची भाची होती. तिचे नाव पोलिश रूपात, रिक्सा म्हणून, घराण्यातील मुलींना पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जात राहिले. आजीचे वा पणजीचे नाव मुलीला ठेवणे हा त्या काळी मातृपक्षाच्या प्रतिष्ठेवर सांगितलेला हक्कच असे. म्हणूनच, जेथे दस्तऐवज नाहीत तेथे वंशावळकार नावांच्या आवृत्तीवरून माहेर शोधतात.

पोलंडमधील पहिले इतिवृत्त सुमारे १११२ ते १११८ या काळात एका अनामिक लेखकाने लिहिले. परंपरेने त्याला गॅलस असे म्हटले जाते. त्याचा नायक होता बोलेस्वाव तिसरा, ज्याला पुढे ‘वाकड्या तोंडाचा’ हे उपनाम मिळाले. बोलेस्वावला झ्बिग्न्येव नावाचा मोठा सावत्र भाऊ होता. पिता व्वादिस्वाव हेरमान ११०२ मध्ये मरण पावल्यावर दोघांत राज्याची वाटणी झाली, वितुष्ट वाढत गेले आणि अखेर १११२ मध्ये बोलेस्वावने झ्बिग्न्येवचे डोळे काढविले. ख्रिस्ती राजाच्या हातून सख्ख्या रक्ताच्या नातलगाबाबत घडलेले हे कृत्य सहज पचण्यासारखे नव्हते. बोलेस्वावला जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागले. गॅलस लिहीत होता तो याच घटनेच्या सावटात.

अशा परिस्थितीत त्याने दोन मातांची केलेली मांडणी लक्षणीय आहे. बोलेस्वावची आई, बोहेमियाची युदिता, हिला अपत्य नव्हते; तेव्हा दूर प्रोव्हान्समधील संत गिल्स यांच्या मठाकडे बालकाची सुवर्णप्रतिमा व इतर भेटी पाठविण्यात आल्या आणि भिक्षूंच्या प्रार्थनेने पुत्र झाला, अशी कथा गॅलस विस्ताराने सांगतो. झ्बिग्न्येवच्या आईला मात्र तो रखेल ठरवितो आणि तिचे नावही देत नाही. एका पुत्राच्या जन्मामागे संत उभा आहे, दुसऱ्याच्या जन्मामागे चर्चची मान्यताच नाही. जो विवाह चर्चच्या विधीने झाला नव्हता त्याला पूर्वी समाजात काही मान असणे शक्य होते. तथापि बाराव्या शतकाच्या आरंभी चर्चचा विवाहविषयक आग्रह वाढत होता आणि गॅलसने त्याचाच आधार घेतला. ज्येष्ठत्वाचा प्रश्न त्याने औरसत्वाच्या प्रश्नात रूपांतरित केला. याच इतिवृत्तात बोलेस्वावच्या कीव्हच्या झ्बिस्लावाशी झालेल्या विवाहाचा उल्लेख येतो. वधूवरांचे जवळचे नाते असल्याने क्राकूफचा बिशप बाल्डविन याच्यामार्फत पोप पास्कल दुसरा याची विशेष अनुज्ञा घेण्यात आली, असे गॅलस नमूद करतो. नायकाचा स्वतःचा विवाह निर्दोष होता हे नोंदविण्याची त्याला निकड वाटली, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

३. ११३८ ची वाटणी आणि दोन माहेरे

झ्बिस्लावापासून बोलेस्वावला व्वादिस्वाव हा पुत्र झाला. तिच्या निधनानंतर बोलेस्वावने श्वाबियातील बेर्ग घराण्याच्या सालोमेयाशी विवाह केला आणि तिच्यापासून त्याला अनेक अपत्ये झाली. ११३८ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने राज्याची व्यवस्था लावून दिली. ज्येष्ठ व्वादिस्वावला सायलेशिया आणि क्राकूफसह श्रेष्ठ ड्यूकचा अधिकार मिळाला. सालोमेयाच्या पुत्रांपैकी कुरळ्या केसांचा बोलेस्वाव याला माझोव्हिया, म्येश्कोला बृहत् पोलंड आणि पुढे हेन्रिकला सान्दोम्येश असे प्रदेश मिळाले. धाकट्या काझिमिरला मात्र वाटा नव्हता. स्वतःच्या अनुभवावरून भावांचे युद्ध टाळण्यासाठी केलेली ही तजवीज आठ वर्षेही टिकली नाही. कारण ती भावांमधील असली, तरी ते भाऊ एका आईचे नव्हते.

या संघर्षाची वाट सोयरिकींतून स्पष्ट दिसते. व्वादिस्वावने आपला पुत्र बोलेस्वाव याचा विवाह कीव्हचा महाराजपुत्र व्सेवोलोद याच्या कन्येशी लावला आणि पूर्वेकडून सैन्याची मदत निश्चित केली. विधवा सालोमेयाने ११४१ मध्ये वेंचित्सा येथे आपल्या पुत्रांना व सरदारांना एकत्र बोलाविले. तेथे विचाराला घेतलेल्या प्रश्नांत एक प्रश्न होता तो तिच्या तीन वर्षांच्या ॲग्नेस या मुलीचा. तिला श्वाबियातील झ्विफाल्टेनच्या मठात पाठवावे की रूसच्या राजपुत्राला द्यावे? रूसला देण्याचे ठरले. सावत्र ज्येष्ठाच्या विरोधात उभे राहावयाचे तर रूसमध्ये आपलाही पाठीराखा हवा, हा त्यामागील हिशेब उघड आहे. पुढे ॲग्नेसचा विवाह म्स्तिस्लाव इझ्यास्लाविच याच्याशी झाला.

या सभेचे वृत्त आज उपलब्ध आहे ते पोलंडमधील कोणा लेखकामुळे नव्हे. झ्विफाल्टेन मठाचा भिक्षू ऑर्टलीब त्या वेळी वेंचित्सा येथे गेला होता आणि त्याने हे नोंदवून ठेवले. सालोमेयाच्या माहेरचे घराणे या मठाचे आश्रयदाते होते. तिने स्वतःही मठाला मौल्यवान भेटी दिल्या होत्या आणि तिची गेर्त्रूद ही कन्या तेथे जोगीण होती. मठाच्या दृष्टीने सालोमेया ही प्रथम आपल्या आश्रयदात्यांची लेक होती, पोलंडची राणीमाता त्यानंतर. लेकीच्या घरात काय चालले आहे याची माहेरच्या मठाने ठेवलेली ही नोंद आहे.

दुसऱ्या बाजूचीही अशीच एक माहेरची नोंद आहे. व्वादिस्वावची पत्नी ॲग्नेस (सालोमेयाच्या कन्येचेही नाव तेच) ही ऑस्ट्रियाच्या बाबेनबेर्ग घराण्यातील होती. राजा कॉन्राड तिसरा हा तिचा सावत्र भाऊ आणि सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा हा त्या नात्याने तिचा भाचा. तिचा सख्खा भाऊ म्हणजे फ्रायझिंगचा बिशप ओटो. बाराव्या शतकातील श्रेष्ठ इतिहासकारांत त्याची गणना होते. ११४६ मध्ये सावत्र भावांकडून पराभूत होऊन व्वादिस्वाव सहकुटुंब जर्मनीत आश्रयाला गेला. त्याच वर्षी कॉन्राडने त्याच्यासाठी केलेली स्वारी निष्फळ ठरली. ११५७ मध्ये बार्बारोसाने मोठे सैन्य नेऊन कुरळ्या बोलेस्वावला शरण आणले, तरीही व्वादिस्वावला राज्य परत मिळाले नाही. ओटोने आरंभलेल्या आणि त्याच्या निधनानंतर राहेविनने पुढे नेलेल्या बार्बारोसाच्या चरित्रग्रंथात ही मोहीम येते ती साम्राज्याच्या अधिसत्तेची आणि बेइमान मांडलिकाला दिलेल्या शिक्षेची कथा म्हणून. व्वादिस्वाव ११५९ मध्ये परदेशातच मरण पावला. ॲग्नेसलाही पोलंडमध्ये परतता आले नाही. त्यांच्या पुत्रांना ११६३ मध्ये सायलेशिया मिळाला आणि तेथपासून सायलेशियातील पियास्तांची स्वतंत्र शाखा सुरू झाली.

४. काद्वुबेकची प्रतिनायिका

हीच कथा पोलंडच्या दरबारात कशी सांगितली गेली, हे विन्सेन्ती काद्वुबेकच्या इतिवृत्तात पाहावयास मिळते. काद्वुबेक १२०८ ते १२१८ या काळात क्राकूफचा बिशप होता आणि १२२३ मध्ये निवर्तला. चार भागांच्या या ग्रंथाचे पहिले तीन भाग आर्चबिशप यान आणि बिशप मातेउश यांच्या संवादाच्या रूपात आहेत. रोमन कायदा, अभिजात लॅटिन साहित्य आणि बायबल यांच्या संदर्भांनी ही शैली जड झालेली आहे. ग्रंथाची प्रेरणा होती न्यायी काझिमिर याची, म्हणजे ११३८ मध्ये वाटा न मिळालेल्या, सालोमेयाच्या धाकट्या पुत्राची. ११७७ मध्ये क्राकूफ त्याच्या हाती आले होते आणि त्याचा अधिकार ज्येष्ठत्वाच्या नियमात बसत नव्हता.

काद्वुबेकपुढील पेच गॅलसच्या पेचासारखाच होता. धाकट्याने थोरल्याला बाजूला सारले, हे न्याय्य ठरवावयाचे होते. व्वादिस्वावला सरळ दुष्ट ठरविले, तर बोलेस्वावने केलेली व्यवस्थाच चुकीची ठरते. म्हणून दोष सरकतो त्याच्या पत्नीकडे. बाबेनबेर्गची ॲग्नेस या इतिवृत्तात उग्र, गर्विष्ठ, पतीला सतत डिवचणारी आणि दिरांचा घास घेऊ पाहणारी स्त्री म्हणून येते; दुबळा पती तिच्या आहारी जातो आणि भावांवर उठतो. औरसत्वाचा आक्षेप येथे घेता येत नव्हता, कारण झ्बिस्लावाच्या विवाहाला पोपची अनुज्ञा होती आणि ॲग्नेसचे कुळ तर अत्युच्च. तेव्हा गॅलसने जे काम सासूच्या पिढीतील अनामिक रखेलीकडून करून घेतले होते, ते काद्वुबेकने परदेशी सुनेकडून करून घेतले. ॲग्नेसच्या कुलाभिमानाला आधार नसेल असे नाही. परंतु भावांविरुद्ध सोयऱ्यांची जुळवाजुळव सालोमेयानेही केलीच होती, आणि काद्वुबेक तिला प्रतिनायिका करीत नाही. तो तिच्या पुत्राच्या आश्रयाने लिहीत होता.

सोयऱ्यांची यादी काद्वुबेक आणखी एका ठिकाणी हत्यार म्हणून वापरतो. वृद्ध म्येश्को हा सालोमेयाचाच पुत्र. त्याला बाजूला सारून काझिमिर गादीवर आला. म्येश्कोच्या ऱ्हासाचे वर्णन करण्यापूर्वी इतिवृत्तकार त्याचे जावई मोजून दाखवितो. बोहेमियाचा ड्यूक, सॅक्सनीचा ड्यूक, लोरेनच्या घराण्यातील राजपुत्र, पोमेरेनियाचा बोगुस्वाव, अशी ती भरजरी मालिका आहे. ही यादी विश्वसनीय आहे आणि वंशावळकारांनी तिचा भरपूर उपयोग केला आहे. तथापि संहितेत ती माहितीसाठी येत नाही. इतके थोर जावई असूनही म्येश्कोला क्राकूफ राखता आले नाही, हे वाचकाच्या मनावर ठसविणे हे तिचे प्रयोजन आहे. तक्त्यात उतरविताना यादी तेवढी उरते. तिच्यातील उपहास गळून पडतो.

५. मामेभाऊ आणि आतेभाऊ

सोयरीक आधार देते, परंतु पुढच्या पिढीत तीच नवे दावेदार निर्माण करते. वेंचित्सा येथे जिचे भवितव्य ठरले त्या ॲग्नेसचा पुत्र म्हणून परंपरेने हालिच-व्होलिनचा राजपुत्र रोमान म्स्तिस्लाविच याची गणना होते. बालपणापासून तो मामाच्या, म्हणजे न्यायी काझिमिरच्या, घरी वाढला असे काद्वुबेक सांगतो. काझिमिर आणि त्याची विधवा हेलेना यांना त्याचा आधार झाला. परंतु १२०५ मध्ये रोमानने पोलंडवर चाल केली आणि झाविखोस्तच्या लढाईत तो मारला गेला. समोर होते काझिमिरचे पुत्र धवल लेशेक आणि कोन्राद, म्हणजे त्याचे मामेभाऊ.

रोमानच्या मृत्यूने हालिचची गादी रिकामी झाली आणि तिच्यासाठी पुन्हा एका लहान मुलीचा विवाह ठरला. १२१४ मध्ये हंगेरीचा राजा आंद्रे दुसरा आणि लेशेक यांच्यात स्पिश येथे करार झाला. लेशेकची सुमारे तीन वर्षांची कन्या सालोमेया आणि आंद्रेचा पुत्र कोलोमान यांचा विवाह करून त्यांना हालिचच्या गादीवर बसवावयाचे, असे ठरले. मुलीचे नाव तिच्या पणजीचे होते. ज्या पणजीने तीन वर्षांच्या लेकीला रूसला देऊन आपल्या पुत्रांचा पक्ष बळकट केला, तिच्याच नावाची पणती त्याच वयात, त्या लेकीच्या वंशजांनी सोडलेल्या गादीसाठी दिली गेली. कोलोमान १२४१ मध्ये मंगोलांशी झालेल्या लढाईतील जखमांनी मरण पावला. अपत्य नव्हते. सालोमेया भाऊ बोलेस्वाव याच्या आश्रयाला पोलंडमध्ये परतली, क्लारिस संघात जोगीण झाली आणि १२६८ मध्ये निवर्तली. राजकीयदृष्ट्या हा विवाह निष्फळ ठरला. परंतु तेराव्या शतकातच तिचे संतचरित्र रचले गेले आणि १६७२ मध्ये चर्चने तिला ‘धन्य’ घोषित केले. इतिवृत्ताने जिला कराराचे कलम म्हणून पाहिले, तिचे जीवन संतचरित्राने आरंभापासून अंतापर्यंत सांगण्याजोगे मानले.

६. परदेशी सून ते कुलमाता

संतचरित्र या प्रकाराचे सामर्थ्य सायलेशियाच्या याद्विगाच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे दिसते. ती आंडेख्स घराण्यातील बव्हेरियन राजकन्या. निर्वासित व्वादिस्वावचा नातू दाढीवाला हेन्रिक याची ती पत्नी. तिची बहीण गेर्त्रूद हंगेरीची राणी होती आणि १२१३ मध्ये तिची हत्या झाली. दुसरी बहीण ॲग्नेस हिचा फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याच्याशी झालेला विवाह पोपने मान्य केला नाही, कारण राजाची आधीची पत्नी हयात होती. स्वतः याद्विगाने सात अपत्यांनंतर पतीसह ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, त्शेब्नित्सा येथील सिस्टर्शियन मठाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि उत्तरायुष्य तेथेच घालविले. तिचा पुत्र धर्मनिष्ठ हेन्रिक १२४१ मध्ये लेग्नित्साच्या रणांगणावर मंगोलांकडून मारला गेला. १२४३ मध्ये तिचे निधन झाले आणि १२६७ मध्ये पोप क्लेमेंट चौथा याने तिला संतपद दिले.

तिच्या चरित्राला तिच्या कुळाची वंशावळ जोडलेली आहे. १३५३ मध्ये लेग्नित्सा-ब्झेगचा ड्यूक लुडविक पहिला याने या चरित्राची सचित्र प्रत करवून घेतली. ती आज लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयात आहे. त्यातील एका पूर्णपृष्ठ चित्रात याद्विगाच्या पायाशी लुडविक आणि त्याची पत्नी ॲग्नेस हे दोघे लहान आकृतींच्या रूपात गुडघे टेकून बसलेले दिसतात. दोघेही पियास्त, दोघेही याद्विगाचे वंशज. या वेळेपर्यंत सायलेशियातील बहुतेक पियास्त बोहेमियाच्या राजाचे मांडलिक झाले होते. लुडविकजवळ राजमुकुट नव्हता. संत पूर्वजा मात्र होती. दोनशे वर्षांपूर्वी याच शाखेची मूळ माता, बाबेनबेर्गची ॲग्नेस, परदेशी सून म्हणून दोषी ठरली होती. याद्विगाही तितकीच परदेशी. परंतु तिची कथा तिच्याच वंशजांच्या आश्रयाने लिहिली गेली.

७. दुरावा आणि सोयरीक

पियास्त शाखांनी एकमेकींशी विवाह का केले नाहीत, असा प्रश्न येथे स्वाभाविकच उद्भवतो. त्याचे उत्तर चर्चच्या नियमांत आहे. १२१५ पर्यंत सातव्या पिढीपर्यंतचे नातलग परस्परांना वर्ज्य होते. या गणनेत मातृपक्ष आणि पितृपक्ष असा भेद नव्हता. समाईक पूर्वजापासून खाली दोन्ही बाजूंच्या पिढ्या मोजावयाच्या, एवढाच हिशेब. हा नियम काटेकोरपणे पाळावयाचा तर कोणत्याही दोन पियास्तांना विवाहच करता आला नसता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही मर्यादा चार पिढ्यांवर आणली आणि पुढे असेही मान्य झाले की दोन बाजूंपैकी जी बाजू पूर्वजापासून अधिक दूर, तीच निर्णायक धरावी.

या बदलाचा परिणाम पियास्तांच्या बाबतीत विलक्षण झाला. तेराव्या शतकाच्या मध्यास वाकड्या तोंडाच्या बोलेस्वावचे वंशज नेमके चौथ्या-पाचव्या पिढीत होते. राज्य विभागले गेले होते, शाखा एकमेकींशी लढत होत्या; पण पिढ्या सरकल्या, नाते पातळ झाले, म्हणूनच सोयरीक शक्य झाली. धर्मनिष्ठ हेन्रिक हा बोलेस्वावपासून चौथा आणि त्याची मुले पाचवी. त्याची कन्या कोन्स्तान्त्सिया १२३९ मध्ये कुयाव्हियाच्या काझिमिरला दिली गेली, एल्झ्बिएता १२४४ मध्ये बृहत् पोलंडच्या प्शेमिस्व पहिला याला, तर पुत्र हेन्रिक तिसरा याचा विवाह १२५२ मध्ये माझोव्हियाच्या युदिताशी झाला. ज्या शाखा व्वादिस्वावच्या हद्दपारीपासून परस्परांच्या शत्रू होत्या, त्यांच्यात आता व्याही आणि जावई ही नाती आली.

ही नाती शांतता घेऊन आली असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या फलिताकडे पाहावे. १२९५ मध्ये ग्न्येझ्नो येथे राजमुकुट धारण करून दीर्घकाळ खंडित झालेले राजपद पुन्हा उभे करणारा प्शेमिस्व दुसरा हा बृहत् पोलंडच्या पित्याचा आणि सायलेशियाच्या मातेचा पुत्र. १३२० मध्ये क्राकूफ येथे राज्याभिषेक झालेला व्वादिस्वाव वोक्येतेक, म्हणजे ‘हातभर उंचीचा’ राजा, हा कुयाव्हियाच्या पित्याचा आणि ओपोलेच्या पियास्त मातेचा पुत्र. त्याची राणी याद्विगा ही बृहत् पोलंडची पियास्त. पितृपरंपरेने तो बोलेस्वावपासून चौथा आणि ती पाचवी. त्यांचा पुत्र काझिमिर तिसरा, ज्याला पुढे ‘महान’ म्हटले गेले. पुनःस्थापित राज्याच्या या तिन्ही पियास्त राजांचे आईवडील दोघेही पियास्त होते. एकीकरणाचा इतिहास तलवारीच्या आणि मुत्सद्देगिरीच्या अंगाने वारंवार लिहिला गेला आहे. वेगवेगळ्या शाखांचे दावे एका देहात एकत्र आले ते मातांमुळे, ही बाब मात्र पुरुषपरंपरेच्या रेषांत दिसत नाही.

८. लेकीचे परतणे

या वंशवृक्षाचा शेवटही विवाहाच्याच प्रश्नावर येऊन थांबतो. महान काझिमिरने अखेरचा विवाह १३६५ मध्ये झागान्यच्या याद्विगाशी केला. ती सायलेशियातील पियास्त होती. दोघांत नाते होते आणि काझिमिरची आधीची पत्नी, हेसेची आडेलहाइड, हयात होती. नात्याबाबत दाखविण्यात आलेले पोपचे अनुज्ञापत्र बनावट निघाले. या विवाहातून झालेल्या मुलींच्या औरसत्वासाठी पोपकडून वेगळी मान्यता घ्यावी लागली आणि पुत्र झालाच नाही. १३७० मध्ये काझिमिर मरण पावल्यावर मुकुट गेला त्याच्या भाच्याकडे, हंगेरीचा राजा लुडविक याच्याकडे.

लुडविकने पोलंडचा कारभार सोपविला आपल्या आईकडे. एल्झ्बिएता ही वोक्येतेकची कन्या, काझिमिरची बहीण, जन्माने पियास्त. १३२० मध्ये हंगेरीच्या राजाला दिलेली. अर्धशतकाने ती माहेरी परतली ती राज्य करण्यासाठी. या काळाचा प्रमुख इतिवृत्तकार म्हणजे चार्नकूफचा यान्को. तो काझिमिरचा उपचॅन्सेलर होता आणि नव्या राजवटीत पदच्युत झाला होता. त्याच्या लेखनात एल्झ्बिएता ही घरी परतलेली लेक नाही. सत्तेची हाव असलेली, परक्या परिवारानिशी आलेली राणी अशी तिची प्रतिमा तो उभी करतो. १३७६ मध्ये क्राकूफ येथे तिच्या हंगेरियन सेवकांची कत्तल झाली. काद्वुबेकच्या ॲग्नेसचा साचा येथे पुन्हा दिसतो. फरक एवढाच की ॲग्नेस सून होती आणि ही मुलगी. आश्रय गमावलेल्या लेखकाला माहेरचीही स्त्री परकी दिसू शकते.

राज्याचा प्रश्न मात्र अखेर स्त्रीपरंपरेनेच सुटला. १३७४ मध्ये कोशित्से येथे करसवलतीच्या मोबदल्यात सरदारांनी लुडविकच्या कन्येचा वारसा मान्य केला. १३८४ मध्ये क्राकूफ येथे त्याची कन्या याद्विगा हिचा राज्याभिषेक झाला. ती वोक्येतेकची पणती होती. माझोव्हियातील पियास्त १५२६ पर्यंत आणि लेग्नित्सा-ब्झेग येथील पियास्त १६७५ पर्यंत टिकले. पुरुषपरंपरेच्या हिशेबाने मुकुटावर त्यांचा दावा अधिक सरळ होता, पण मुकुट त्यांच्याकडे गेला नाही.

पियास्तांच्या वंशवृक्षातील प्रत्येक विवाहरेषेपाशी म्हणून दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. ही रेषा कोणत्या संहितेतून आली, आणि त्या संहितेचा कर्ता कोणाच्या लेकराच्या आश्रयाने लिहीत होता? झ्बिग्न्येवची आई आपली बाजू सांगणारा इतिवृत्तकार मिळाला नाही म्हणून अनामिक राहिली. बाबेनबेर्गच्या ॲग्नेसच्या माहेरी इतिहासकार भाऊ होता. तरी सासरच्या इतिहासात ती खलनायिकाच ठरली. सायलेशियाच्या याद्विगाला आश्रयदाते वंशज लाभले आणि ती संत व कुलमाता झाली. या तिघींच्या वाट्याला आलेल्या भूमिका त्यांच्या आचरणाइतक्याच त्यांच्या लेखकांच्या निष्ठांवर अवलंबून होत्या. तक्ता सिद्ध करताना वंशावळकार या निष्ठा बाजूला सारतो, आणि त्याच्या कामासाठी ते योग्यही आहे. साहित्याच्या अभ्यासकाचे काम त्या निष्ठा पुन्हा त्या रेषांशेजारी नोंदविण्याचे आहे.